पाठमोरीचे पंचेचाळीस दिवस

हर्षा उंदिरवाडे आमच्याकडे आली की खुर्ची सोडून आधी खिडकी गाठते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत नेटवर्कच्या तीन काड्या येतात आणि तिच्या घरी एकच. मधे एक भिंत तेवढी आहे, पण ही वाटणी कुणी कशी केली देव जाणे. ओट्याला टेकून ती उभी राहायची, उजवा पाय हलत असायचा, अंगठा मोबाईलवर वरून खाली, वरून खाली फिरत असायचा. चहा निवायचा. मी पुन्हा गरम करून द्यायची, तोही निवायचा.

"किती झालं?"

"एकेचाळीस टक्के."

"सकाळीही एकेचाळीसच होतं नं गं?"

"म्हनूनच तं पाहून राह्यली, काकू."

हे यंदाच्या फेब्रुवारी-मार्चमधलं. त्या पंचेचाळीस दिवसांत आमच्या घरात साखर किती गेली ते मी मोजलं नाही, पण गॅसचं सिलिंडर आठ दिवस आधी संपलं हे खरं.

हर्षा सत्तावीस वर्षांची आहे. चित्रकला शिक्षिकेचा कोर्स केला, नोकरी लागली नाही, म्हणून ती भिंती रंगवते. गावोगावच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती. हात धुवा, लस घ्या, मुलगी शिकवा. हात बापाचा. देवरावभाऊ म्हणजे आमच्या ब्रह्मपुरीतले जुने पेंटर. एके काळी इथल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या आणि दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे. राजवाडा, बगीचा, जंगल, गरिबाची झोपडी. पुढे फ्लेक्स आला आणि भाऊंचे ब्रश डब्यात वाळले. नाटकात दोन अंकांच्या मधे देणगीदारांची नावं पुकारायलाही तेच माईकवर असत. आवाज असा की शेवटच्या रांगेत झोपलेलं पोर उठून बसे. बायको गेल्यापासून मात्र भाऊ घरातही हळूच बोलतात.

तीन वर्षांमागे हर्षाला नागभीडच्या पुढे, जंगलाला चिकटलेल्या एका गावी शाळेची भिंत रंगवायचं काम मिळालं. तिथे ती सुगंधाबाई गुरनुलेंच्या घरी पंधरा दिवस राहिली. त्या गावच्या बाया मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला जाताना डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधतात. वाघ मागून येतो, पण माणसाचा चेहरा दिसला तर थबकतो, असं त्यांना सांगण्यात आलं आहे. थबकतो की नाही हे वाघाला माहीत. पण सुगंधाबाईला त्या मुखवट्याची अशी सवय झाली होती की घरी येऊन भाकरी थापतानाही तो मागे तसाच असायचा, आणि चुलीपाशी मागून येणारी सून रोज दचकायची.

हर्षाने ते पाहिलं आणि तिचा पाय तेव्हापासून हलायला लागला असावा.

तिने एक पोरगी काढली, सुकरी नावाची, आणि सुकरीच्या डोक्यामागचा मुखवटा जिवंत केला. त्याचं नाव पाठमोरी. सुकरीला पुढचं दिसतं, पाठमोरीला फक्त मागचं. दोघी दिवसभर भांडतात. एका चित्रात सुकरी जंगलात विचारते, "मांगं कोन हाय?" पाठमोरी म्हणते, "तुई सासू." सुकरी म्हणते, "वाघ असता तं बरं झालं असतं."

ते चित्र तिने इन्स्टाग्रामवर टाकलं आणि दोन दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीची जी पोरं पुण्याला, हैदराबादला कामाला गेली आहेत, त्यांनी ते एकमेकांना पाठवून पाठवून फिरवलं. "माह्या आजीची भाषा!" असं कुणी लिहायचं. दर शुक्रवारी नवं चित्र. बघता बघता अकरा हजार माणसं तिच्या मागे झाली. मला नवल वाटायचं. पलीकडच्या घरात दुपारी झाडू मारणाऱ्या पोरीची अकरा हजार माणसं वाट पाहतात आणि गल्लीत कुणाला पत्ता नाही!

तिला पुस्तक करायचं होतं. प्रकाशकांनी दाद दिली नाही. मग तिने लोकवर्गणीची एक वेबसाइट शोधली. तिथे आपलं काम दाखवायचं, रक्कम सांगायची, पंचेचाळीस दिवस लोक पैसे भरतात, एक हिरवी पट्टी पुढे सरकत जाते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत पट्टी पूर्ण झाली तर पैसे आपले. एक टक्का जरी कमी पडला तरी सगळ्यांचे पैसे परत.

"म्हणजे अर्धं पुस्तक वगैरे नाही?" मी विचारलं.

"नाई काकू. होईन तं पुरं होईन, नाई तं नाई. आन् नाई झालं तं मी पाठमोरीले आलमारीत टाकतो आन् शौचालयाच्या भिंती रंगवतो जन्मभर."

देवरावभाऊंना हे पहिल्या दिवसापासून पटलं नाही. दारात उभे राहून म्हणाले, "पुस्तक नाई छापलं, काई नाई, आन् लोकाईले पैशे मांगून राह्यली? लगन लागाच्या आधी आहेर मांगते का कोनी?"

आम्ही दोघी हसलो. म्हटलं, भाऊ जुन्या काळात राहतात.

पहिल्या आठवड्यात पट्टी धावली. कॉलेजच्या मैत्रिणी, तिचे सर, मी, आमच्या ह्यांचे ऑफिसातले दोघे. मग ती चालायला लागली. मग बसली. अकरा हजार माणसं लाल बदाम पाठवायची, "ताई भारीच" लिहायची, आणि पट्टी एकेचाळीसवर. हर्षाला घरात बसवेना. स्कूटी काढून वैनगंगेच्या पुलापर्यंत जायची आणि परत यायची. मी विचारायची, काय काम होतं? म्हणायची, काही नाही. कपडे वाळत घालताना मधेच थांबून मोबाईल पाहायची, ओला टॉवेल खांद्यावर तसाच. तिची ती तगमग मला लागली. भाजी चिरताना माझंही लक्ष तिच्या दाराकडे. रात्री हे म्हणाले, "पुस्तक तिचं आहे की तुझं?"

अठ्ठाविसाव्या दिवशी एका संस्थेचा निरोप आला. कल्पना छान आहे, शंभर प्रती घेऊ, फक्त संवाद प्रमाण मराठीत करून द्या, मुलांना कळत नाही. शंभर प्रतींनी पट्टी कुठल्या कुठे गेली असती. हर्षा त्या दुपारी माझ्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून बदलायला बसली. म्हणजे उभी राहिली. मी तांदूळ निवडत होते. दहा मिनिटांनी तिने वाचून दाखवलं.

"मागे कोण आहे? तुझ्या सासूबाई."

मी वर पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती.

"काकू, हे कोन बोलून राह्यलं?"

"मला नाही माहीत बाई. आपल्याकडची नाही वाटत."

तिने ते सगळं पुसलं आणि संस्थेला नम्रपणे नाही कळवलं. मग चहा न पिताच निघून गेली आणि पलीकडून बराच वेळ भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

खरी ठेच मात्र वेगळीच होती. ती एकदा बोलून गेली, "पुन्यातले नाई देत तं नाई. पन सुगंधाबाईच्या गावची एकही बाई नाई देऊन राह्यली, काकू. पहिल्याच दिवशी सगळ्याईले लिंक पाठवली. सगळ्याईनं अंगठा देल्ला. पन्नास रुपये तरी? ज्याईले काढलं त्याईलेच नको हाय."

मी म्हटलं, "चल, जाऊन येऊ."

"पैशे मांगाले?"

"भेटायला."

तेहेतिसावा दिवस. बसने नागभीड, तिथून जीप. मोहाचे दिवस सुरू झाले होते, गावात शिरताच तो गोड, जड वास. अंगणा-अंगणात फुलं वाळत घातलेली. सुगंधाबाई साठीच्या, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट. मुखवटा दाराजवळच्या खुंटीला टांगलेला.

"या. बसा," त्या म्हणाल्या. पाणी दिलं. चहा दिला. हर्षाने सुनेची, पिकाची, वाघाची, सगळी चौकशी करून पाहिली. "हाव." "बरं हाय." "दिसला होता मांगल्या आठवड्यात." एवढंच. हर्षाचा पाय हलायला लागला. शेवटी तिलाच राहवेना.

"बाई, माह्यावर राग हाय का?"

"आमी कोन राग करनारे? तू मोठी झाली. मोबाईलवरून बोलावनं करते."

"म्हंजे?"

"पंधरा दिवस या घरी जेवली. पोरीसारखी राह्यली. आन् तुह्या घरचं एवढं मोठं कार्य, तं दारात येऊन सांगाचं का चिठ्ठी टाकाची? येऊन सांगतलं का, बाई, या म्हनून?"

हर्षा माझ्याकडे पाहायला लागली.

"बाई, ते कार्य नाई, ती लिंक होती... त्याच्यात बोट दाबलं की पैशे..."

"मले माहीत हाय लिंक. सुनेनं वाचून दाखवली." सुगंधाबाई उठल्या, आत गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडून हर्षाच्या मांडीवर ठेवला. आत नोटा होत्या, दुमडून दुमडून, कुठे दोऱ्याने बांधलेल्या, आणि वर एकेक रुपयाचं नाणं. "बचत गटाच्या बैठकीत तवाच काढले. छत्तीस बाया. डबा भरून महिना होत आला. रोज वाट पाहून राह्यलो, आज दिवस सांगन, उद्या सांगन. पोट्टीचा पत्ता नाई!"

"मंग देल्ले काऊन नाई, बाई?" हर्षाचा आवाज रडवेला झाला होता.

"अवं, लगन लागाच्या आधी आहेर करते का कोनी? दिवस सांग, मांडव टाक, आमी येतो, हातात देतो, माईकवर नाव पुकार. असं चोरावानी बोट दाबून देऊ का? कोनाले माहीत होईन का आमी देल्लं म्हनून?"

मला देवरावभाऊ आठवले. हर्षालाही आठवले असावेत, कारण ती डब्यावर डोकं ठेवून हसायला लागली आणि ते हसणं मधेच भलतीकडे गेलं. सुगंधाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको. फुलं ओली होतीन." आणि डबा कार्याच्या दिवसापर्यंत परत आत नेऊन ठेवला.

त्याच दुपारी हर्षा गावात घरोघर फिरली. प्रत्येक दारात उभी राहून म्हणाली, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी शाळेच्या अंगणात पाठमोरीचं कार्य आहे, चूलबंद आमंत्रण आहे, सगळ्यांनी यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही, झाडून साऱ्यांनी कार्याला जेवायचं. एवढं बोलावल्यावर कुणी नाही म्हणत नाही. मी मागे उभी राहून मनात वरण किती लागेल ते मोजत होते.

घरी आल्यावर देवरावभाऊंना सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "माईक कोन पाहून राह्यलं?"

"तुमी, बाबा."

"मी? मले आता आवाज राह्यला का?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून कोमट पाण्याच्या गुळण्या ऐकू आल्या. त्याच्यानंतर रोज.

तो रविवार म्हणजे बेचाळिसावा दिवस. भाऊंनी माळ्यावरून जंगलाचा जुना पडदा काढला. एका कोपऱ्यात उंदरांनी सागाची दोन झाडं खाल्ली होती, तिथे हर्षाने घाईने वाघ काढला. पडदा शाळेच्या व्हरांड्यात टांगला. बाया आल्या त्या मागे मुखवटे बांधूनच. अंगणात पाठमोऱ्या बसल्या तरी सगळे चेहरे आपल्याकडेच पाहताहेत असं वाटायचं. मला क्षणभर कळेना, वरण वाढू कुणाच्या पुढ्यात.

हर्षाने पाच पानं मोठ्याने वाचली. सासूच्या जागी हशा झाला आणि दोन सासवा रागावल्या. मग भाऊंनी माईक हातात घेतला, दोनदा फुंकर मारली.

"सुगंधाबाई दादाजी गुरनुले यांच्याकडून पाठमोरीले... एकशे एक रुपये! टाळ्याऽ!"

तो आवाज! पडद्यावरची उरलेली झाडं हलली असतील. पानं गोळा करता करता हर्षा थांबली. बापाचा हा आवाज तिने शेवटचा कधी ऐकला होता, तिलाच ठाऊक. मग तिने मोबाईल वर केला आणि जे होतंय ते इन्स्टाग्रामवर थेट दाखवायला लागली. नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर होतं, म्हणून ती चौथ्या पायरीवर आणि मी दुसऱ्या. बाई पैसे हातात देणार, भाऊ नाव पुकारणार, मी तेच नाव घालून माझ्या मोबाईलवरून वेबसाइटवर भरणार. विसाव्या नावाला माझ्या बँकेने हात टेकले, आज यापुढे नाही म्हणाली. मग ह्यांचा मोबाईल. हे बिचारे जेवायला म्हणून आले होते.

छत्तीस नावांनी पट्टी बोटभरही सरकली नाही. हर्षाला ते दिसत होतं, मलाही. एवढ्यात तिच्या मोबाईलवर खालून ओळी वर यायला लागल्या.

"काका माझं पन नाव घ्या नं! पुन्यावरून."

"देवरावभाऊ, वडशाच्या नाटकात तुमचा आवाज ऐकला होता लहानपनी! भरले, पुकारा!"

"बल्लारपूरवरून कुलदीप. आजीच्या नावानं पुकारा, ती आता नाई."

हर्षा पायऱ्यांवरून ओरडली, "बाबा, बल्लारपूरवरून कुलदीपच्या आजीकडून दोनशे एक!" आणि भाऊंनी पुकारलं. शाळेच्या अंगणातल्या बायांनी न पाहिलेल्या आजीसाठी टाळ्या वाजवल्या. मग थांबेचना. त्या दिवशी बॅटरी संपेपर्यंत नावं येत राहिली. अकरा हजार माणसं बहुतेक ह्याचीच वाट पाहत होती, कुणीतरी आपलं नाव घेण्याची.

सोमवार, मंगळवार भाऊ आमच्या खिडकीपाशी खुर्ची टाकून बसले. माईक नव्हता, पण लागतही नव्हता. कढीपत्ता तोडायला आलेली शेजारीण दोन नावं ऐकून टाळ्या वाजवून गेली.

बुधवार, शेवटचा दिवस. चार वाजता पट्टी शहाण्णव. पाचला अठ्ठ्याण्णव. साडेपाचलाही अठ्ठ्याण्णव. हर्षा ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. मी एकच कांदा चिरत होते, तो केव्हाच भुगा झाला होता. शेवटी ती बापापुढे उभी राहिली.

"बाबा, तुमी भरा नं उरलेले. कोनाले समजते?"

"घरच्यानं आहेर नाई करत, पोरी."

"बाबा, वीस मिनटं राह्यली!"

"मंग वीस मिनटं पुकारतो," भाऊ म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून, गेल्या तीन दिवसांत ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांची नावं पहिल्यापासून पुन्हा पुकारायला लागले. कागद न पाहता. छत्तीस बायांची नावं, नवऱ्याच्या नावासकट, क्रमाने. आवाज फाटायला आला होता. हर्षाने त्यांच्यापुढे मोबाईल धरला. तिचा पाय हलत होता, त्यामुळे लोकांना भाऊ हलतानाच दिसले असतील. पाच चाळीस. पाच शेहेचाळीस. पट्टी नव्याण्णव. पाच एकावन्नला ती भरली आणि वर दोन टक्के सांडली.

हर्षा खाली बसली. त्या पंचेचाळीस दिवसांत माझ्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदा बसली, तेही फरशीवर. मी चहा ठेवला.

"काकू," ती म्हणाली, "अजून चौदा पानं काढाची आहेत."

आणि पाय हलायला लागला.

संध्याकाळी सुगंधाबाईंचा फोन. अभिनंदन राहिलं बाजूला. "अवं, तुह्या बापानं आमच्या शेजारच्या लटारूचं नाव नाई पुकारलं! एक्कावन देल्ले त्यानं. रुसून बसला हाय. जेवालेही उठत नाई." भाऊंच्या रविवारच्या सदऱ्याच्या खिशात एक्कावन्न रुपये सापडले, नाण्यासकट. त्या रात्री भाऊंनी फोनवरून लटारूचं नाव पुकारलं, पण लटारूने ते मानलं नाही. समोर येऊन पुकारा म्हणाला.

मे अखेरीस नागपूरहून पुस्तकांची खोकी आली. बाहेरगावची कुरिअरने गेली. गावची पुस्तकं मात्र हर्षाने स्वतः न्यायची ठरवलं, तेंदूपत्त्याचा हंगाम असल्याने बाया दुपारीच घरी सापडणार म्हणून भर उन्हात. भाऊही आले. आधी लटारूच्या अंगणात उभं राहून भाऊंनी त्याचं नाव घेतलं. त्याने हात जोडले आणि पुस्तकातल्या देणगीदारांच्या यादीत ते छापलंय का ते आपल्या सुनेकडून वाचून घेतलं.

सुगंधाबाई तेंदूची पुडकी बांधत बसल्या होत्या. हात पुसून पुस्तक घेतलं, पान पान उलटलं. हर्षा उभी होती, बोटं मोडत.

"वाघ बारका काढला," त्या म्हणाल्या.

"बाई, तो दूर उभा हाय म्हनून..."

"दूरचाही एवढा नसते." अजून दोन पानं. "लुगडं हिरवं काढलं, ते बरं केलं."

मग त्यांनी पुस्तक पालथं केलं. मागच्या मुखपृष्ठावर हर्षाने फक्त पाठमोरीचा चेहरा काढला आहे, माणसाच्या तोंडाएवढा, डोळे वटारलेले. सुगंधाबाईंनी तो नीट पाहिला. खुंटीवरच्या आपल्या मुखवट्याकडे पाहिलं. पुस्तक उघडून डोक्याच्या मागे धरलं आणि तसंच धरून चुलीपाशी गेल्या. मागून सून पाणी घेऊन येत होती.

ती दचकली. हंडा कलंडला, अर्धं पाणी अंगणात.

"चालते!" सुगंधाबाई मागे न वळता म्हणाल्या. "चांगलं झालं हाय पुस्तक."

हर्षा तोवर शेजारच्या दारात पोहोचली होती. छत्तीस घरं होती आणि परतीची शेवटची जीप पाचला.